संमतीपत्रावर आईनं सही केली, पण तिला काय समजलं होतं?

दूधगंगाकाठ | रविवार, रात्री ९.५०

नमस्कार. हे लिहू की नको असं तीन आठवडे चाललं होतं. आज आई लवकर झोपली म्हणून बसलोय.

आई ६१ वर्षांची. कागल तालुक्यातलं गाव. दोन म्हशी, पहाटे डेअरीला दूध, मग रान. चाळीस वर्षं मिस्रीची सवय. दिवाळीनंतर डाव्या गालात आतल्या बाजूला जखम झाली. तुरटीच्या गुळण्या, लवंगेचं तेल यात दोन महिने घालवले. शेवटी गावातल्या डॉक्टरांनी कोल्हापूरला पाठवलं. तुकडा तपासला, कॅन्सर निघाला, आणि स्कॅनमध्ये तो खालच्या जबड्याच्या हाडापर्यंत गेलेला दिसला.

डॉक्टरांनी मला आणि मामांना केबिनमध्ये बोलावलं. जबड्याचा डावीकडचा भाग दातांसकट काढावा लागेल, मानेतल्या गाठी काढाव्या लागतील, छातीवरचं मांस घेऊन गालाला आतून अस्तर लावू, काही दिवस नाकातल्या नळीतून खाणं, आणि पुढं शेक (रेडिएशन). कागदावर चित्र काढून सांगितलं. सांगण्यात कसर ठेवली नाही.

आई त्या वेळी बाहेर बाकावर बसून होती. तिला आत बोलवा असं डॉक्टर म्हणाले नाहीत, मामा म्हणाले नाहीत, मीही म्हणालो नाही. बाहेर येऊन मी तिला सांगितलं, "जखम कापून साफ करणार हाईत, आठ-दहा दिवसांत घरी."

ऑपरेशनच्या आदल्या रात्री वॉर्डात कागद आले. योजनेचा कुठला, भुलीचा कुठला, ऑपरेशनचा कुठला, रक्ताचा कुठला, काही कळायला मार्ग नव्हता. दोन पानं इंग्रजीत, बाकीची मराठीत, पण त्या मराठीतही 'अनुषंगिक गुंतागुंत' आणि 'पर्यायी उपचारपद्धती'. मी बोट दाखवतील तिथं सह्या केल्या. मग आईची वेळ. आईला सही येते. बचत गटात असताना शिकली आणि त्याचा तिला फार अभिमान आहे. शाईचं पॅड पुढं केलं तर म्हणाली, "अंगठा न्हाई, पेन द्या." चारही ठिकाणी सावकाश, ओळ न सोडता सही केली. मला तेव्हा कौतुक वाटलं होतं.

ऑपरेशननंतर बोलता येत नव्हतं म्हणून एका सिस्टरनी पाटी आणून दिली. आई चौथी शिकलेली. चौथ्या दिवशी तिनं पाटीवर लिहिलं, "माजं दात कुटं हाईत". मी सांगितलं, काढावे लागले. तिनं हातानं पाटी पुसली आणि परत लिहिलं, "तुला म्हाईत हुतं?"

मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवतो. उतारा वाचा आणि काय समजलं ते स्वतःच्या शब्दांत लिहा, हे रोज पोरांना सांगतो. आईला एकदाही विचारलं नाही, तुला काय समजलं?

ऑपरेशन चांगलं झालंय. बोलणं थोडं जड आहे पण कळतं. बुधवारी शेकाच्या डॉक्टरांकडं जायचंय. पुन्हा संमतीपत्र पुढं येणार. या वेळी तरी नीट कसं करायचं, ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगा.

---

रात्रपाळी | रविवार, रात्री ११.२५

सर, मी स्टाफ नर्स आहे, १९ वर्षं झाली. पाटीवरची दोन वाक्यं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

आदल्या रात्री काय होतं ते आतून सांगते. दुसऱ्या दिवशीच्या यादीत सात-आठ पेशंट असतात. सह्या घेणारा डॉक्टर बहुतेक वेळा शिकाऊ असतो, सकाळपासून उभा. प्रत्येक पेशंटचे चार-पाच कागद. त्याला फाईल पूर्ण करायची असते, नाहीतर सकाळी ऑपरेशन थांबतं. आणि पेशंट उपाशी, घाबरलेला, घरची माणसं भोवती. त्या घडीला जबडा म्हणजे काय हे विचारायचं बळ कुणाच्या अंगात असतं? समजावण्याची वेळ ती नव्हेच. ती आठ दिवस आधी, ओपीडीत, पेशंट स्वतःच्या कपड्यात असताना.

मी एक करते, कुणी शिकवलं नव्हतं, नंतर कळलं की याला नाव आहे आणि जगभर करतात. सांगून झालं की 'समजलं का?' असं विचारत नाही. आपल्याकडं त्याला एकच उत्तर, "व्हय बाई." डॉक्टरांना नाही म्हणणं म्हणजे उद्धटपणा वाटतो लोकांना. मी विचारते, "मावशी, उद्या तुमच्या जाऊबाईंचा फोन आला, काय काय करणार हाईत म्हणून, तर त्यांना काय सांगाल? मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय." मग खरं बाहेर येतं. एका मावशींनी सांगितलं, पिशवीला टाका घालणार. त्यांची गर्भपिशवी काढायची होती.

शेकाचं सांगते, बुधवारी उपयोगी पडेल. मान आणि चेहरा हलू नये म्हणून गरम पाण्यात मऊ केलेली जाळी तोंडावर बसवून मुखवटा करतात आणि तो टेबलाला अडकवतात. ज्यांना आधी सांगितलेलं नसतं ते घाबरून उठतात. आधी दाखवला, हातात दिला, तर त्याच बायका गुपचूप झोपतात. तोंड येणं, थुंकी कमी होणं, चव जाणं, जबडा आवळणं हे सांगूनच ठेवा. आणि उरलेले दात दाखवून घेतलेत का? शेकानंतर दात उपटला तर हाड लवकर भरून येत नाही.

---

करवीरचे_आबा | सोमवार, सकाळी ६.१०

सर, तुम्ही स्वतःला फार लावून घेऊ नका. मी ७४ वर्षांचा माणूस, माझंही सांगतो.

२०१६ साली आमच्या मंडळींना अंडाशयाचा कॅन्सर झाला. मी तिला शेवटपर्यंत कळू दिलं नाही. पोटात पाणी झालंय, सलाईन लावतात, एवढंच. पोरांना, सुनांना शपथ घातली होती. फाईल माझ्या कपाटात. तिचा स्वभाव मला माहीत, नुसतं नाव ऐकून तिनं अन्न सोडलं असतं. आठ महिने ती हसून-खेळून राहिली, नातवाचं बारसं केलं. ते आठ महिने मी तिला दिले असं मी मानतो. कायदा काही म्हणो, घरात माणूस ओळखून वागावं लागतं.

---

शिरोळची_लेक | सोमवार, दुपारी २.३५

आबा, तुमच्या दुःखाला नमस्कार करून लिहिते. मी पेशंट आहे. अंगणवाडीत काम करते. चार वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला, तेव्हा ४३ ची होते.

माझ्याही घरात कुजबुज सुरू झाली होती. मी आले की बोलणं बंद, टीव्हीचा आवाज मोठा. पण माणसाला कळतं हो. सांगणार कुणी नाही आणि विचारायची चोरी, म्हणून रात्री एकटीनं अंदाज बांधायचे. माझे अंदाज खऱ्या आजारापेक्षा कितीतरी वाईट होते.

शेवटी फाईल मीच काढून वाचली आणि त्यातून वेगळंच झालं. रिपोर्टमध्ये 'ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह' होतं. कोविडनंतर आपल्याला एवढंच माहीत, पॉझिटिव्ह म्हणजे वाईट. दोन रात्री रडले. पुढच्या भेटीला कळलं की गाठ शरीरातल्या हार्मोनवर वाढते एवढाच त्याचा अर्थ, त्यामुळं मला रोजची एक हार्मोनची गोळी लागू पडते आणि ते माझ्या बाजूनंच आहे. 'ग्रेड ३' वाचून मी तिसरी स्टेज धरून चालले होते. स्टेज माझी दुसरी होती. ग्रेड म्हणजे पेशी किती आडदांड दिसतात ते, स्टेज म्हणजे आजार कुठवर पसरलाय ते. तणाचं वाण वेगळं आणि तणानं किती रान धरलं ते वेगळं, असं मी आता आमच्या बायकांना सांगते. आणि 'पाच वर्षांचा सर्व्हायव्हल रेट'! डॉक्टर म्हणाले, पाच वर्षांचा आकडा चांगला आहे. मी ऐकलं, पाच वर्षं उरलीत. घरी येऊन मोजलं, धाकटी तेव्हा दहावीला असेल. १०० बायकांपैकी पाच वर्षांनंतर किती जणी हयात असतात, तो हा आकडा, आणि पाच वर्षांनंतरही बाई जगू शकते, हे एका ताईंनी समजावलं. तोवर मी धाकटीला भाकरी थापायला शिकवून बसले होते.

मला कुणी लपवलं म्हणून राग नाही. पण माझं पूर्ण स्तन काढायचं की गाठीपुरतं काढून शेक घ्यायचा, असे दोन रस्ते होते. हे मला ऑपरेशननंतर कळलं. नवऱ्यानं आणि दिरानं ठरवलं, "सगळंच काढा, कटकट नको." कदाचित मीही तेच म्हटलं असतं. पण म्हटलं मी असतं.

---

निपाणीचा_पाव्हणा | सोमवार, सायंकाळी ५.०५

आमच्या आजीला मराठी बोलता येतं, पण दुखणं ती कानडीतच सांगते. कोल्हापुरात उपचार झाले तेव्हा सगळं मराठीत समजावलं आणि ती मान हलवत राहिली. शेवटी साफसफाईच्या कानडी मावशींनी सांगितलं तेव्हा तिला कळलं. गडहिंग्लज, शिरोळ पट्ट्यातल्या किती म्हाताऱ्यांचं असं होत असेल.

---

बावड्याचा_वकील | सोमवार, रात्री ८.४०

कायद्याचं थोडं लिहितो, कारण 'नातेवाइकाची सही झाली म्हणजे झालं' हा समज फार पक्का आहे.

समीरा कोहली खटला, सर्वोच्च न्यायालय, निकाल जानेवारी २००८ चा. १९९५ मधली दिल्लीतली घटना. ४४ वर्षांची अविवाहित बाई दुर्बिणीनं तपासणी करून घ्यायला गेली. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची परवानगी घेऊन गर्भाशय काढलं. न्यायालयानं सांगितलं की जिवाला तातडीचा धोका नव्हता आणि सज्ञान बाई काही तासांत शुद्धीवर येणार होती, तेव्हा तिच्या वतीनं आईला संमती देता येत नाही. तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. भरपाई २५ हजार रुपये आणि डॉक्टरांना शस्त्रक्रियेची फी नाही. रक्कम लहान वाटेल, पण निकाल मोठा आहे. पेशंटला काय सांगायचं तेही त्यात आहे: काय करणार, कशासाठी, फायदा काय, मोठे धोके कोणते, दुसरे मार्ग कोणते, आणि काहीच केलं नाही तर काय होईल. लाखात एखादा होणारा धोकाही सांगितलाच पाहिजे असं न्यायालय म्हणत नाही, हेही लक्षात घ्या.

आणखी एक. कागदपत्रं मागितली की ७२ तासांच्या आत मिळाली पाहिजेत, असा वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत नियम आहे. संमतीपत्राची प्रतही मागा. घरी आणून शांतपणे वाचा.

---

यंत्रमाग_इचल | सोमवार, रात्री ९.१५

वकीलसाहेब, भावाच्या वेळी आम्हाला वाटलं होतं की सही केली नाही तर फुले योजनेतून नाव कटतं. म्हणून काही न विचारता सगळीकडं सह्या मारल्या. खरंच कटतं का?

---

बावड्याचा_वकील | सोमवार, रात्री ९.४०

नाही. महात्मा फुले योजनेची मंजुरी म्हणजे खर्चाची मंजुरी. माझ्या शरीरावर काय करायचं याची परवानगी त्याहून वेगळी, ती फक्त पेशंटची. दोन्ही कागद एकाच फाईलमधून येतात म्हणून गोंधळ होतो. रुग्णालयात योजनेचा आरोग्यमित्र बसतो, त्याला सरळ विचारा, मंजुरी कुठल्या ऑपरेशनची आलीय, त्याचं नाव लिहून द्या. ते नाव घेऊन डॉक्टरांना विचारा, हे म्हणजे नक्की काय.

तिसराही कागद असू शकतो, नव्या औषधाच्या चाचणीचा. त्याला २०१९ चे स्वतंत्र नियम आहेत. वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदार हवा, प्रत पेशंटला द्यायची, आणि नाही म्हटल्यानं नेहमीचे उपचार थांबत नाहीत.

---

ओपीडी_खोली_६ | मंगळवार, रात्री १२.२०

मी कॅन्सरचाच डॉक्टर आहे. कुठं काम करतो ते लिहीत नाही.

दूधगंगाकाठ, तुमच्या आईला आत बोलवायला हवं होतं आणि ते काम तुमच्याआधी त्या खोलीतल्या डॉक्टरचं होतं. हे मी त्या डॉक्टरला दोष द्यायला लिहीत नाही. मीही कितीदा नातेवाइकांना आत आणि पेशंटला बाकावर ठेवलंय. दारातच कुणीतरी डोळ्यांनी खुणावतं, "तिला सांगू नका." मागं ६० माणसं उभी असतात. आणि आपण वाकतो.

आणखी एक गोष्ट मला छळते. २०१२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला होता. पसरलेल्या कॅन्सरसाठी केमो घेणारे सुमारे १२०० पेशंट. त्या टप्प्याला केमोनं दिवस वाढतात, त्रास कमी होतो, पण आजार मुळातून जाण्याची शक्यता जवळपास नसते. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ६९ टक्के आणि मोठ्या आतड्याच्या ८१ टक्के पेशंटना हे उमगलेलंच नव्हतं. त्यातही ज्यांना आपले डॉक्टर फार छान बोलतात असं वाटत होतं, त्यांचा गैरसमज जास्त होता. हे वाचल्यापासून 'डॉक्टर, तुम्ही किती छान सांगितलंत' असं कुणी म्हटलं की मी परत विचारतो, काय सांगितलं मी?

शब्दांचं म्हणाल तर रान बघून बोलावं. 'मार्जिन' हा शब्द मी वापरत नाही. हरळी काढताना दिसतं तेवढंच पान कापलं तर परत उगवते, म्हणून भोवतीची चांगली माती धरून खोल खणतो, हे आजऱ्यापासून शिरोळपर्यंत कुणालाही कळतं. एवढं करूनही एखादं मूळ राहिलं असेल, त्यासाठी शेक. 'तुकडा काढला की कॅन्सर पसरतो' या भीतीनं लोक तीन-तीन महिने घालवतात. त्यावर मी सांगतो, कुठलं तण आहे ते बघितल्याशिवाय औषध कुठलं मारायचं? तपासणीच्या तुकड्यामुळं आजार पसरत नाही, उशिरामुळं पसरतो.

बुधवारी आईंना डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत बसवा. तुम्ही बाजूला बसा. बोलणं फोनमध्ये टिपून घेऊ का, असं विचारून घ्या. आणि लगेच सही करायची नाही, "घरी वाचून उद्या आणतो" म्हणा. शेकाला एक दिवस इकडंतिकडं झाल्यानं बिघडत नाही. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा, एवढं सांभाळा.

आबा, तुमच्याशी वाद घालत नाही. काही पेशंट खरंच म्हणतात, "मला सांगू नका, माझ्या लेकाला सांगा." तोही त्यांचा हक्क आहे. फक्त ते त्यांच्या तोंडून यावं, म्हणून मी पहिल्याच भेटीत विचारतो, "तुम्हाला सगळं ऐकायचंय का, की कुणाला सांगू?"

---

दूधगंगाकाठ | गुरुवार, रात्री १०.०५

सगळ्यांचे आभार मानायला शब्द अपुरे आहेत. काल काय झालं ते लिहितो.

मंगळवारी रात्रीच आईला म्हटलं, उद्या डॉक्टरांशी तू बोलायचंस. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं?" मी म्हटलं, म्हशीच्या डॉक्टरला एवढं विचारतेस, स्वतःचं विचारायला काय झालं. तर उठून चष्मा पिशवीत घातला.

खुर्चीत ती, मी स्टुलावर. डॉक्टर आधी माझ्याकडंच बघून बोलायला लागले. मी म्हटलं, आईला सांगा. त्यांनी खुर्ची वळवली आणि वीस मिनिटं दिली. ३० वेळा शेक, सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. सोबत आठवड्याला केमोचं एक सलाईन, कारण मानेतल्या एका गाठीतून आजार बाहेर आलेला होता. हे मलाही माहीत नव्हतं. त्या औषधानं उलट्या होऊ शकतात, किडनीवर ताण येतो, कानात वाजू शकतं, ऐकू कमी येऊ शकतं. ऑपरेशनच्या वेळी बाकीच्यांतले दोन किडके दातही शेकाचा विचार करून काढले होते, हेही कालच कळलं.

मग मी रात्रपाळी ताईंचा प्रश्न विचारला. आई, मावशीला काय सांगशील? तिनं बोटं मोजत सांगितलं. मुखवटा, तीस दिवस, तोंड भाजल्यागत होणार, चव जाणार. "सलाईनीनं कान जाणार" असं म्हणाली तेव्हा डॉक्टरांनी थांबवलं. जाणारच असं नाही, जाऊ शकतो, म्हणून आधी कान तपासायचे आणि मधेमधे विचारायचं. एवढा एक शब्द, 'शकतो', पण तो मनात राहिला असता तर तिनं सलाईन नकोच म्हटलं असतं.

तिनं दोन गोष्टी विचारल्या. सलाईन नाही घेतलं तर काय? डॉक्टरांनी सरळ सांगितलं, नुसत्या शेकापेक्षा दोन्ही मिळून परत उगवण्याची भीती कमी होते, पण त्रास जास्त. आणि दुसरी, भाचीचं लग्न आठ दिवसांवर आहे, त्याआधी मुखवटा करा पण शेक नंतर सुरू केला तर चालेल का? तारखा मोजल्या. सहा आठवड्यांत बसतंय. लग्नानंतरच्या सोमवारी सुरू.

कागद घरी आणला. रात्री मी वाचला, तिनं ऐकला. कानाची ओळ दोनदा वाचायला लावली. मग म्हणाली, "घेते सलाईन. पर कानात वाजलं की मी सांगणार, आणि तवा तुमी ऐकायचं." ती ओळ तिच्या सांगण्यावरून मी कागदाच्या खाली पेनानं लिहिली. सही तिनं आज सकाळी धार काढून आल्यावर केली.

ऑपरेशनबद्दल ती माझ्याशी अजून बोललेली नाही. पाटी तिनं उशाखाली ठेवलीय.

---

करवीरचे_आबा | शुक्रवार, सकाळी ५.५०

सर, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

लेकीच्या पोस्टनंतर दोन दिवस झोप नाही. एक गोष्ट आठवली ती लिहितो. जायच्या महिनाभर आधी मंडळींनी मोठ्या सुनेला बोलावून पाटल्या काढून दिल्या आणि लोणच्याच्या बरण्या कुठल्या कुठं आहेत ते सांगितलं. मला वाटलं, सहज. मला ती काहीच बोलली नाही. आता वाटतं, तिला ठाऊक होतं आणि मला त्रास नको म्हणून ती माझ्यापासून लपवत होती. आठ महिने एका घरात दोघंही.

---

शिरोळची_लेक | शुक्रवार, सकाळी ८.१५

आबा, तुम्हाला फोन करायचा आहे. निरोपातून नंबर पाठवाल का?

---

दूधगंगाकाठ | शनिवार, रात्री ९.३०

रात्रपाळी ताई, एक विचारायचं राहिलं. जबडा आवळू नये म्हणून आइस्क्रीमच्या काड्या दातात धरायचा व्यायाम सांगितलाय. आईच्या एका बाजूला दातच नाहीत, तर काड्या कुठं धरायच्या? आणि पहिल्या दिवशी किती?

---

रात्रपाळी | शनिवार, रात्री ११.०५

जिकडं दात आहेत त्या बाजूला. पण ऑपरेशन झालेल्या जबड्यावर किती जोर द्यायचा ते सोमवारी फिजिओच्या मॅडमना एकदा दाखवूनच घ्या, त्यांच्यासमोर आईंना करून दाखवायला लावा. पहिल्या दिवशी सहज मावतील तेवढ्याच, आकडा गाठायचा नाही. मावलेल्या काड्यांची संख्या वहीत आईंनाच लिहू दे. पाटीवर लिहिली तरी चालेल.